गाणं रिलीज करून देणारी ऑनलाईन सर्व्हिस: ५ पैकी २ स्टार

२०२५ च्या गणपतीसाठी आम्ही मित्रांनी मिळून एक गाणं केलं. ढोल सगळा खरा वाजवलेला, लूप (आधीच रेकॉर्ड केलेला तयार तुकडा) एकही नाही, नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड केला आणि जुलैच्या पावसात हवेत एवढा ओलावा की दोन टेक झाले की ढोलाचं पान ढिलं, परत ताणायचं, परत टिपरू हातात घ्यायचं, असं रात्री दोनपर्यंत चाललं. एवढं सगळं झाल्यावर गाणं स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिकवर टाकायला मध्ये एक डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं तिथे पोचवणारी कंपनी, लागतोच, तिथे थेट जाता येत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण अनुभव लिहितोच.

आधी चांगलं सांगतो. अपलोड सोपं आहे. वॅव्ह फाईल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं कव्हर, गायक-गीतकार-संगीतकारांची नावं भरली की झालं, आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा वेगळा ओळख क्रमांक) पण तेच देतात. कव्हरवर आम्ही इन्स्टाचं हँडल टाकलं होतं म्हणून परत आलं, पण का परत आलं ते एका दिवसात स्पष्ट कळवलं, हे मानलं.

रिलीज ठेवली शुक्रवार १५ ऑगस्ट. २०१५ पासून जगभर नवीन गाणी शुक्रवारीच येतात, नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टपण त्याच दिवशी बदलतात, आणि चतुर्थी २७ ला, म्हणजे १२ दिवस हातात. मंडळवाले गाणी ठरवतात ते याच दिवसांत.

१५ ला सकाळी आईने फोन पुढे केला, "अरे हे तुमचंच ना, मग फोटो दुसऱ्याचा कसा?" गाणं आमचंच, पण आमच्या गायकाच्याच नावाचा एक भजन गाणारा कलाकार आहे, गाणं त्याच्या पेजवर जाऊन बसलेलं! फॉर्ममध्ये आम्ही 'नवीन कलाकार' हाच पर्याय टिक केला होता, स्क्रीनशॉट आहे. सपोर्टला मेल केला तर आधी ठरलेलं उत्तर, मग परत तेच उत्तर, चार मेल झाल्यावर माणूस बोलला आणि पेज सुधारलं ते २३ तारखेला. तोपर्यंत ज्यांना लिंक पाठवली होती ते सगळे भजनवाल्याला फॉलो करून बसले. त्या गायकाचा यात काहीच दोष नाही, त्यालाही त्रासच झाला असेल.

दुसरं, यूट्यूब. फॉर्ममधे कंटेंट आयडीचा (कोणाच्याही व्हिडिओत आपलं गाणं वाजलं तर ते आपोआप ओळखणारी यूट्यूबची सोय) चौकोन होता, आम्ही टिक केला, आणि आमच्याच चॅनेलवरच्या आमच्याच व्हिडिओवर क्लेम, म्हणजे गाण्यावर हक्काचा दावा, आला! व्हिडिओ उडत नाही, स्ट्राइक पण नसतो, पण जाहिरातीचे पैसे आधी या कंपनीकडे जातात आणि कमिशन कापून येतात. आपलं चॅनेल त्यांना आधी कळवलं की क्लेम येत नाही, पण हे फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नाही. सांगितल्यावर दोन दिवसांत काढला, पण पहिले दोन दिवसच तर महत्त्वाचे असतात ना.

आणि पैशाची अपेक्षा धरून येणाऱ्यांसाठी, स्पॉटिफायवर १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याला काहीच मिळत नाही, ३० सेकंदांच्या आत बंद केलेलं मोजत पण नाहीत. आमच्या प्लॅनमध्ये वर्षाची फी नाही भरली तर गाणंच काढून टाकतात, हे बारीक अक्षरात आहे, नक्की वाचा.

गाणं लोकांपर्यंत गेलं ते शेवटी पेनड्राइव्हने, ओळखीच्या साउंडवाल्यांना हातात नेऊन दिला. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीत वाकडी बारवपाशी एका ट्रॅक्टरवर आमचाच ढोल वाजताना ऐकला तेव्हा गायकाच्या डोळ्यात पाणी होतं.

तुम्ही सणाचं गाणं करत असाल तर महिनाभर आधी अपलोड करा, स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर ते रिलीजच्या आधीच, शक्यतो निदान ७ दिवस आधी करावं, आणि रिलीजच्या आधी सपोर्टला मेल टाकून कलाकाराचं पेज बरोबर जोडलंय ना ते लेखी घ्या. आम्ही आता दुसरी सर्व्हिस बघतोय.