टाक्यांची जखम घरी सांभाळताना: झाकलेली बरी की उघडी?

चरबीची गाठ किंवा मस काढून घेतल्यावर रुग्ण बहुधा त्याच दिवशी गावी परततो आणि पुढचे दहा-बारा दिवस जखमेचा कारभार घरच्यांच्या हाती येतो. घरात मग दोन मते निघतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, वारा लागू द्या, खपली धरू द्या. डॉक्टरांनी मात्र मलम लावून झाकायला सांगितलेले असते. यात कोणाचे ऐकावे, हे जखम कोणत्या प्रकारची आहे यावर ठरते.

टाके घातलेल्या स्वच्छ जखमेच्या कडा साधारण 48 तासांत वरून जुळतात. तोवर दवाखान्यातली पट्टी हलवू नये आणि भिजवू नये. त्यानंतर अशी जखम उघडी ठेवली म्हणून संसर्ग वाढतो, असे आढळलेले नाही; त्यामुळे इथे वडीलधाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडच्या उन्हात चिकटपट्टीखाली घाम साचून कातडी उलते, तेव्हा घरात बसून असणाऱ्याने जखम उघडी ठेवणे सोयीचे. पण ज्याला कापूस वेचायला, तुरीच्या खळ्यावर किंवा दुचाकीवरून फुफाट्यात जायचे आहे, त्याने टाके निघेपर्यंत झाकूनच ठेवावी, कारण धूळ, माशा आणि कपड्याचे घासणे या तिन्ही गोष्टी उघड्या टाक्यांना सोसत नाहीत.

मस खरवडून काढल्यावर उरते तशी, टाके नसलेली जखम असेल, तर मात्र माझे मत स्पष्टपणे झाकण्याच्या बाजूचे आहे. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले की ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने चढते. कोरड्या जखमेत नव्या पेशींना कडक खपलीच्या खालून वाट काढावी लागते. फोडलेल्या गळूचे प्रकरण याहून वेगळे आहे. त्यात आत गॉज भरलेला असतो, म्हणून त्याची पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रातच बदलून घ्यावी.

झाकायचे ठरल्यावर मलम कोणते, हा प्रश्न येतो. अमेरिकेत 922 रुग्णांवर केलेल्या आणि 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रतिजैविक मलम आणि साधे पांढरे पेट्रोलियम जेली यांत संसर्गाच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. ॲलर्जी मात्र काही जणांना झाली आणि ती प्रतिजैविक मलमाचीच. म्हणून डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर व्हॅसलीन पुरते, फक्त डबी नवी हवी. घरभर बोटे बुडवलेली चालणार नाही. धुण्यासाठी टँकरचे किंवा बोअरचे पाणी उकळून थंड करावे आणि सौम्य साबण वापरावा. स्पिरिट व हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्या पेशींनाही मारतात.

हळदीविषयी वसमत-हिंगोलीच्या हळद पिकवणाऱ्या पट्ट्यात कोणाला बोलणे अवघड आहे, पण बोलायला हवे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे 1995 मध्ये अमेरिकेत दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतल्यावर 1997 मध्ये रद्द झाले, कारण ते ज्ञान आपल्याकडे जुनेच होते. तथापि तो वाद ज्ञान कोणाचे, याचा होता. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, म्हणून ती टाक्यांवर भरू नये. भात आणि वांगे खाल्ल्याने पू होतो, हाही समजच. उलट डाळ, अंडी, दूध चालू ठेवावे. तंबाखू मात्र सोडावी, कारण तिने रक्तपुरवठा घटून जखम रेंगाळते.

टाके चेहऱ्यावरचे 5 ते 7 दिवसांनी, हातापायांवरचे 10 ते 14 दिवसांनी निघतात. तत्पूर्वी लाली पसरू लागली, ठणका दिवसेंदिवस वाढला, पू किंवा दुर्गंध आला अथवा ताप भरला, तर झाकणे-उघडणे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि मधुमेही माणसाची जखम पायावर असेल, तर यांपैकी काहीही दिसण्याची वाट न पाहता ती सुरुवातीपासूनच दवाखान्यात तपासून घेत राहावी.