एस्पेसनेट : सुचलेली कल्पना नवी आहे का, हे पाहण्याची विनामूल्य सोय

कुकरच्या शिट्ट्या मोजून ठरलेल्या शिट्टीला घंटी वाजवणारे छोटे उपकरण करावे, असे मला सुचले, तेव्हा पेटंटच्या अर्जावर पैसे घालण्यापूर्वी युरोपीय पेटंट कार्यालयाच्या ‘एस्पेसनेट’ या शोधसेवेत मी दोन संध्याकाळी घालवल्या. नाव नोंदवावे लागत नाही, शुल्क नाही आणि जगभरातील पंधरा कोटींच्या आसपास दस्तऐवज एकाच ठिकाणी पाहता येतात.

पहिल्या संध्याकाळी मी ‘व्हिसल’ आणि ‘काउंटर’ हे शब्द घालून शोधले, हाती फारसे काही लागले नाही आणि मी उगाच खूश झालो. पेटंटच्या भाषेत शिट्टीला शिट्टी म्हणतीलच असे नाही. तिथे ती दाब राखणारी झडप किंवा वाफ सोडणारे वजन असते. या सेवेचे खरे बळ शब्दांत नसून वर्गीकरणात, म्हणजे प्रत्येक पेटंटला विषयानुसार दिलेल्या सांकेतिक क्रमांकात आहे. प्रेशर कुकरसाठी असलेला ‘ए४७जे २७/०८’ हा वर्ग निवडून त्यात आवाज, कंपन, संवेदक असे शब्द जोडले, तेव्हा माझ्या उपकरणाची भावंडे एकामागून एक पुढे आली. मग त्यांतील एका दस्तऐवजाने आधीच्या कोणत्या कामांचा उल्लेख केला आहे आणि नंतर कोणी त्याचा उल्लेख केला, या दोन याद्यांनी उरलेले काम केले. चिनी आणि जपानी मजकुराचे यांत्रिक इंग्रजी भाषांतर ओबडधोबड असले, तरी आकृत्यांच्या जोडीने पुरेसे कळते.

वाचताना केवळ दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारी कलमे, पाहून थांबू नये, कारण नावीन्य तपासताना वर्णन आणि आकृत्या यांतील मजकूरही मोजला जातो. पेटंटची मुदत संपली असली, तरी त्यातील कल्पना जुनीच ठरते. मात्र अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात, म्हणून अगदी अलीकडचे अर्ज इथे दिसणार नाहीत. भारतीय अर्जांसाठी आपल्या पेटंट कार्यालयाची विनामूल्य शोधसेवा वेगळी पाहावी आणि दुकानांतही एक फेरी मारावी, कारण पेटंट न घेता विकली जाणारी वस्तूही नावीन्य घालवते.

भारतात व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाचे ४,००० रुपये आहे. मसुदा करणाऱ्या एजंटचे मानधन त्याहून कितीतरी अधिक असते. माझे तिन्ही वाचले. शिट्ट्या मात्र आई अजून बोटांवरच मोजते.