लघुप्रबंधासाठी कुठली जोडी घ्यावी: इजिप्त-इंडोनेशिया की अल्जीरिया-व्हिएतनाम?

उत्तर आफ्रिकेतला एक देश, आग्नेय आशियातला एक देश आणि त्यांचे राजनैतिक-आर्थिक संबंध असा विषय मार्गदर्शकांनी मान्य केला, की पुढचा प्रश्न उभा राहतो: जोडी कुठली? मी या प्रश्नापाशी चार महिने घुटमळलो. शेवटी दोन जोड्या हाती उरल्या. दोन्ही चांगल्या आहेत, तेव्हा ‘हीच घ्या’ असा माझा आग्रह नाही. अलिप्ततावादी चळवळ, बांडुंग परिषद (१९५५ ची आशियाई-आफ्रिकी देशांची बैठक), कोण कधी स्वतंत्र झालं, हे सगळं तुम्हाला माहीत आहेच. मला काय अनुभव आला तेवढं सांगतो.

माझा ओढा आधी अल्जीरिया-व्हिएतनामकडे होता. ७ मे १९५४ ला व्हिएतनाममधला दिएन बिएन फू हा फ्रेंच लष्करी तळ पडला आणि सहा महिन्यांच्या आत, १ नोव्हेंबरला, अल्जीरियाचं फ्रान्सविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. दिएन बिएन फूच्या वेढ्यात फ्रेंचांच्या बाजूनं लढणाऱ्यांत अल्जीरियन सैनिकही होते, ही गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. पुढे १९५८ मध्ये अल्जीरियाचं हंगामी सरकार स्थापन झालं, तेव्हा उत्तर व्हिएतनामनं त्याला मान्यता दिली. अल्जीरिया स्वतंत्र व्हायला अजून चार वर्षं होती.

आर्थिक बाजूही भक्कम आहे. व्हिएतनामची कॉफी अल्जीरियात जाते, व्हिएतनामी बांधकाम कामगार तिथे काम करतात. आणि मुख्य म्हणजे सहारातलं बीर सेबा तेलक्षेत्र. करार २००२ चा, पहिलं तेल २०१५ चं. त्यात व्हिएतनामच्या सरकारी तेल कंपनीच्या, पेट्रोव्हिएतनामच्या, उपकंपनीचा वाटा ४० टक्के, थायलंडच्या पीटीटीईपी या तेल कंपनीचा ३५ आणि अल्जीरियाच्या सरकारी सोनात्राकचा २५. एकाच वसाहतवादी सत्तेशी लढलेल्या दोन देशांनी मिळून वाळवंटात तेल काढलं. लघुप्रबंधाला याहून नेटका गाभा मिळणं अवघड.

अडलं ते त्या १३ वर्षांत. करार आणि तेल यांच्यामध्ये काय घडलं, कोण कशासाठी थांबलं, हे शोधायला बसलो तर एक कागद फ्रेंच, दुसरा व्हिएतनामी, इंग्रजीत फक्त उद्घाटनाच्या बातम्या. नुसतं नाव शोधावं तर इस्रायलमधल्या बीरशेबा शहराची पानं समोर यायची, कारण त्या शहराचं अरबी नाव जवळपास हेच आहे. तेही चालवून घेतलं असतं. पण भाषांतर-यंत्रातून काढलेल्या मजकुरात व्हिएतनामी कंपनीला एका पानावर ‘भागीदार’ म्हटलेलं आणि दुसऱ्या पानावर ‘कंत्राटदार’. तेलाच्या व्यवहारात हे दोन शब्द म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात: एकाची मालकीत हिस्सेदारी, दुसऱ्याला कधी नुसता कामाचा मोबदला. मूळ शब्द कुठला होता हे मला वाचता येईना. मार्गदर्शकांनी विचारलं, “मग यातलं खरं काय?” मला उत्तर देता आलं नाही. ज्या शब्दावर अख्खं चौथं प्रकरण उभं राहणार होतं, तोच माझ्या हाताबाहेरचा होता. दुसऱ्या दिवशी मी जोडी बदलली.

इजिप्त-इंडोनेशिया. इथली माझी पहिली नोंदच मुंबईची आहे. मार्च १९४७ मध्ये अरब लीगचा (अरब देशांच्या संघटनेचा) निरोप घेऊन योग्यकार्ताला, इंडोनेशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंकडे गेले ते इजिप्तचे मुंबईतले महावाणिज्यदूत मोहम्मद अब्दुल मुनइम. इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकाभोवती तेव्हा जुन्या वसाहतवादी सत्तेची, डचांची, नाकेबंदी होती. त्यानंतर इंडोनेशियाचे हाजी आगुस सालिम यांचं शिष्टमंडळ कैरोला गेलं आणि १० जून १९४७ ला दोन्ही देशांचा मैत्री करार झाला. करार होऊ नये म्हणून डचांनी कैरोत धडपड केली, पण तो झाला. शिष्टमंडळातले ए. आर. बास्वेदान ती कागदपत्रं मोज्यात लपवून जकार्ताला घेऊन आले, असं सांगतात.

भाषेचा जाच इथे नव्हता असं नाही, पण लिपी रोमन आणि शब्द ओळखीचे. राजदूत म्हणजे ‘दूता बसार’, मोठा दूत. ‘मंतरी’ म्हणजे मंत्री. व्यापाराच्या तक्त्यात किंमतीला ‘हार्गा’ म्हणतात, तो संस्कृत ‘अर्घ’. आपला ‘महाग’ त्याच ‘महार्घ’मधून आला. सहा महिन्यांत मी शब्दकोश घेऊन तक्ते वाचू लागलो. मोजमाप म्हणून हे कच्चं असेल, पण माझ्यापुरता पुरावा एवढाच.

आर्थिक प्रकरणही पोटापाण्याचं निघालं. इजिप्त आपलं बहुतेक खाद्यतेल बाहेरून आणतो आणि त्यात इंडोनेशियाच्या पामतेलाचा वाटा मोठा. कॉफीही तिथूनच. उलट दिशेला फॉस्फेट जातं, आणि रमझानसाठी खजूर. तराजू पुष्कळ इंडोनेशियाकडे झुकलेला आहे. युक्रेन युद्धानं इजिप्तला बाहेरून येणारा गहू आधीच अडचणीत आला होता, त्यात २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली; बंदी २३ मेपर्यंत टिकली. त्या दिवसांत आमच्या वाण्याकडे आईनं दोनऐवजी एकच तेलाची पिशवी घेतली होती, ते मला लख्ख आठवतं. कैरोतल्या घरात काय झालं असेल, याचा विचार तिथून सुरू झाला. पंचाहत्तर वर्षांची मैत्री अशा वेळी उपयोगी पडते का? लघुप्रबंधाचा प्रश्न मला तिथे सापडला.

या जोडीचा दोषही सांगायला हवा. इजिप्तनं इंडोनेशियाला दिलेल्या मान्यतेची तारीख प्रत्येक जण वेगळी देतो: कुणी मार्च १९४६, कुणी अरब लीगच्या ठरावाचा नोव्हेंबर १९४६, कुणी जून १९४७. व्यवहारातली मान्यता, शिफारस आणि करार या तीन पायऱ्या वेगळ्या लिहिल्या की गुंता सुटतो, पण त्या तळटीपेनं माझा महिना खाल्ला. शिवाय संयुक्त निवेदनांत जुन्या मैत्रीचं तेच ते वाक्य इतकं येतं की खरा मजकूर शोधावा लागतो. कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात शिकणाऱ्या हजारो इंडोनेशियन विद्यार्थ्यांचं प्रकरण मात्र जरूर घ्या. अब्दुर्रहमान वाहिद इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी तिथेच शिकायला गेले होते.

तुम्हाला फ्रेंच येत असेल तर कदाचित अल्जीरिया-व्हिएतनामच घ्यावं. ती १३ वर्षं कुणीतरी मराठीत नीट लिहावीत असं मला मनापासून वाटतं. पण हातात एकच वर्ष आणि भाषा मराठी-इंग्रजी एवढ्याच असतील, तर मी इजिप्त-इंडोनेशिया म्हणेन. आणि पहिलं प्रकरण जूनमधल्या करारापासून सुरू करू नका. मार्चमध्ये मुंबईहून निघालेल्या त्या महावाणिज्यदूतापासून करा.