वायमेआ कॅन्यन: कठड्यावरून की पायवाटेने?

हवाईतल्या कवाई बेटावरची ही दरी सुमारे १६ किलोमीटर लांब आणि ९०० मीटरहून खोल. ५५० क्रमांकाच्या रस्त्याने गाडीने वर जा, कठड्याला टेका, लाल-तपकिरी थरांवरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या बघा. म्हातारी माणसं, लेकरं सोबत असतील तर हेच बरं. फोटोही इथूनच, पलीकडच्या कड्यावरचा वायपोओ धबधबा लांबून छान दिसतो.

पायवाटेने गेलात तर त्याच धबधब्याच्या माथ्यावर पोचता, आणि गंमत म्हणजे तिथून तो धड दिसतच नाही! पण बुटांना चिकटणारी लाल माती कठड्यावरून कशी कळणार? पाऊस पडून गेला असेल तर मात्र हट्ट नको, वाट साबणासारखी होते. मी पायवाटच धरेन, तीही सकाळी. दुपारी बरेचदा ढग दरी गिळून टाकतात.