सात दिवसांचे उपवास शिबिर: कोणाला नाकारतात, ते आधी पाहावे

महात्मा गांधींनी १९४६ साली उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रमाची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हापासून पुणे परिसराला उपवासाने उपचार करणारी केंद्रे नवीन नाहीत; अलीकडे मात्र त्याच धर्तीवर, पण चांगल्या हॉटेलच्या दरात, उपवास शिबिरे भरवणारी खासगी केंद्रे डोंगरपायथ्याला जागोजागी उभी राहिली आहेत. अशाच एका खासगी केंद्रातील सात दिवसांच्या शिबिराचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या एकट्या या केंद्रापुरत्या असतील असे वाटत नाही. खोल्या, बाग, मातीपट्टी आणि बाष्पस्नान यांची व्यवस्था स्वच्छ व वेळच्या वेळी होती, एवढे त्याविषयी पुरे. पैसे मोजून उपाशी राहणाऱ्याला, उपवास कुठे संपतो आणि उपासमार कुठे सुरू होते हे सांगणारे कोणी तिथे आहे का, ही अशा सेवेची खरी कसोटी असते.

प्रवेशाच्या वेळी केंद्र या कसोटीला पूर्ण उतरले. माझ्याबरोबर माझी थोरली बहीण होती आणि ती मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेते. वैद्यकीय अधिकारी असलेल्या डॉक्टरबाईंनी तिला औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली, एकेक पाकीट उलटून नाव वाचले आणि म्हणाल्या, "ताई, पोटात अन्न असो वा नसो, ही गोळी साखर खाली आणतच राहते. तुम्हाला उपवास देता येणार नाही. तुम्ही दोन्ही वेळा जेवायचं." ताई रुसली, पण निर्णय बदलला नाही आणि शुल्कातील फरक दुसऱ्याच दिवशी परत मिळाला. गरोदर स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, मुळात वजन कमी असलेली माणसे आणि गाऊटचे (युरिक आम्ल सांध्यांत साचून होणाऱ्या संधिवाताचे) रुग्ण यांनाही इथे उपवास देत नाहीत. उपवासात रक्तातील युरिक आम्ल वाढते, त्यामुळे गाऊटच्या रुग्णाला नकार देणे बरोबरच आहे. ज्या केंद्रात अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळतो, तिथे फिरकू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

प्रत्यक्ष उपवासात पहिल्या दिवशी फळे, नंतर तीन दिवस मध-लिंबूपाणी, नारळपाणी, कोहळ्याचा रस आणि भाज्यांचे पातळ सार, आणि उरलेले दिवस हळूहळू पुन्हा जेवणाकडे, असा क्रम होता. ज्यांना उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि वर दाण्याची आमटी एवढेच ठाऊक आहे (एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण काही उगीच पडलेली नाही), त्यांना हा क्रम कठोर वाटेल. तरीही तो निर्जळी किंवा निरंकार उपवास नव्हता.

खोलीत लावलेल्या पत्रकात मात्र 'तिसऱ्या दिवसापासून शरीर साठलेली विषद्रव्ये जाळू लागते' असे छापलेले होते, आणि ते काढून टाकावे हे बरे. शरीर जाळते ती चरबी. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने जेमतेम १०० ग्रॅम साखर साठवलेली असते आणि अन्न पूर्ण बंद केल्यास ती साधारण दिवसभरात संपते. मेंदूला चरबी थेट वापरता येत नाही, म्हणून सुरुवातीला स्नायूंतील प्रथिने मोडून साखर तयार केली जाते. दोन-तीन दिवसांत यकृत चरबीपासून कीटोन, म्हणजे मेंदूला चालणारे पर्यायी इंधन, बनवू लागते, मेंदू त्यांवर भागवायला शिकतो आणि स्नायूंची झीज मंदावते. मध-लिंबूपाण्यातील साखरेमुळे हा बदल थोडा लांबतो, इतकेच. चरबीचा साठा आहे तोवर ही व्यवस्था टिकते. साठा संपत आला की शरीर पुन्हा प्रथिनांकडे वळते, त्यात हृदयाचा स्नायूही सुटत नाही, आणि त्या अवस्थेला उपासमारच म्हणावे लागते. म्हणूनच एकच चार दिवसांचा लंघनक्रम एका माणसाला सोसतो आणि दुसऱ्याला घातक ठरू शकतो.

कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर रोज सकाळी कोणाचे किती किलो घटले ते लिहीत. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, शिवाय मीठही बाहेर पडते. त्यामुळे पहिल्या दिवसांतील घट बहुतांशी पाण्याची असते. हे आकडे पाहून टाळ्या वाजवणारी मंडळी घरी जाऊन जेवू लागल्यावर निराश होणार, हे केंद्रालाही ठाऊक असावे.

या फळ्यापेक्षा रक्तदाबाची नोंदवही मला कितीतरी मोलाची वाटली. परिचारिका रोज सकाळी आडवे झोपवून आणि मग उभे करून असा दोनदा रक्तदाब घेत असे. एका गृहस्थांचा वरचा आकडा झोपून ११८ आणि उभ्याने ९२ आला, त्यांनी भिंतीचा आधार घेतला, आणि डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथे उपवास थांबवून त्यांच्यापुढे मीठ घातलेल्या मुगाच्या कढणाची वाटी ठेवली. "अजून एक दिवस होऊ द्या, पैसे भरलेत मी," असे ते म्हणत राहिले. बाईंनी वाटी संपेपर्यंत खुर्ची सोडली नाही.

संध्याकाळच्या व्याख्यानांचा दर्जा याच्या अगदी उलट होता. बाहेरून आलेल्या व्याख्यात्यांनी 'मनाने स्वीकारला तर उपवास, परिस्थितीने लादली तर उपासमार' असा सिद्धांत मांडला आणि सभागृहाने माना डोलावल्या. यातला नैतिक भाग खरा आहे. १९४३ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ७३ वर्षांच्या गांधीजींनी स्थानबद्धतेत २१ दिवसांचा उपवास केला आणि त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. या दोन्हींना एकच शब्द लावण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु गांधीजींच्या उपवासाची मुदत आधीच ठरलेली होती, डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नायर यांचे लक्ष होते, आणि प्रकृती ढासळली तेव्हा पाण्यात मोसंबीचा रस मिसळण्यात आला. नुसत्या स्वीकाराने काय होते, हे पाहायचे तर अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगाकडे पाहावे. १९४४-४५ साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांच्या त्या प्रयोगात ३६ निरोगी तरुण स्वखुशीने सामील झाले होते आणि २४ आठवडे त्यांना दररोज सरासरी १,५७० कॅलरींच्या आसपास आहार मिळत होता. त्यांनी वजनाचा साधारण चौथा हिस्सा गमावला, पायांवर सूज आली, सतत थंडी वाजू लागली, आणि काहीजण पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. म्हणजे संमती होती, रोजचे जेवणही होते, आणि तरी ती उपासमार होती. व्याख्यात्यांना हे विचारले तेव्हा त्यांनी श्रद्धेचा मुद्दा काढला.

सर्वांत गंभीर तक्रार मुक्काम वाढवण्याविषयी आहे. शिबिर संपत येताना कार्यालयातील व्यवस्थापक खोल्याखोल्यांतून 'आणखी तीन दिवस उपवास, निम्म्या दरात' अशी सवलत देत फिरले, आणि डॉक्टरांचे मत घेण्याचा उल्लेखही त्यांनी केला नाही. जी मर्यादा नोंदवही पाहून ठरवायची, ती दरपत्रक पाहून ठरू लागली तर सकाळच्या दोनदोनदा घेतलेल्या रक्तदाबाला काय अर्थ राहतो?

उपवास सोडवण्याचे काम स्वयंपाकघराने मात्र निगुतीने केले. पहिल्यांदा पपईच्या चार फोडी, दुपारी मुगाचे पाणी, दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि दुधी, असा तो क्रम होता. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या आणि विशेषतः कुपोषित शरीराला एकदम भरपेट अन्न दिल्यास इन्सुलिन वाढते, रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात आणि हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये हे डॉक्टरांनी पाहिलेले आहे. तीन दिवस रसांवर राहिलेल्या धडधाकट माणसाला हा धोका थोडा असला, तरी घरी गेल्यावर काय आणि किती खायचे याचा छापील कागद द्यायला हवा होता. तो मिळाला नाही. निघताना गाडीत बसता बसता तोंडी सूचना मिळाल्या.

ज्यांचे वजन पुरेसे आहे, जी माणसे साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेत नाहीत आणि ज्यांना शिस्तीचा एक आठवडा हवा आहे, त्यांनी इथे जायला हरकत नाही. डॉक्टरबाई स्वतः त्या आठवड्यात हजर आहेत ना, हे दूरध्वनी करून आधी विचारावे, कारण महिन्यातील काही दिवस त्या नसतात आणि तेव्हा सर्व कारभार व्यवस्थापकांच्या हाती असतो. रक्ततपासणीचे पैसे शुल्कात धरलेले नाहीत.