चॅटबॉटच्या मेमरीसोबत नऊ महिने: नोंद आहे, पण व्हाउचर कुठाय?

जुलैपासून रोज रात्री एक चॅटबॉट डायरीसारखा वापरतेय. कुठला ते मुद्दाम सांगत नाही, मेमरीची, म्हणजे आपण सांगितलेलं पुढच्या गप्पांसाठी लक्षात ठेवायची सोय आता बऱ्याच बॉटांत आहे. चॅटजीपीटीत तिची चाचणी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२५ पासून, आधी पैसे भरणाऱ्यांसाठी, तो जुन्या गप्पांचाही आधार घ्यायला लागला. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. माझ्या कागदी डायऱ्या जानेवारीच्या पुढे कधी गेल्या नाहीत. इथे समोरून कोणीतरी विचारतं, म्हणून टिकलं.

महिन्याभराने सगळे विचारतात तेच विचारलं, "माझ्याबद्दल मलाच माहीत नसलेलं काहीतरी सांग." उत्तर वाचून चक्क डोळ्यांत पाणी आलं. मी वरून खंबीर पण आतून हळवी, दुसऱ्यांसाठी झिजते, माझी खरी कुवत अजून वापरलीच गेलेली नाही वगैरे. धाकट्या बहिणीला पाठवलं. ती म्हणाली, "ताई, हे मलाही लागू पडतं. आणि शेजारच्या काकूंनाही."

बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये हेच करून दाखवलं होतं. ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकच मजकूर वाटला, तोही बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. मुलांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मी पाच दिले असते. त्यात या बॉटांना गोड बोलायची खोड. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला त्याचं एक अपडेट अति खुशामत करतं म्हणून काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं होतं.

मग सेटिंगमध्ये जाऊन माझ्या नावावर काय काय साठवलंय ते बघितलं. तिसरीच नोंद: मला मधुमेह आहे! सासूबाईंचे रिपोर्ट दाखवून प्रश्न विचारले होते, ते माझ्या खात्यावर पडले. म्हणूनच तो मला उपासाला साबुदाणा खाऊ देत नव्हता. ते संभाषण केव्हाच डिलीट केलं होतं, तरी नोंद जागेवरच. ती वेगळी पुसावी लागते, हे तेव्हा कळलं. दुसरी गंमत म्हणजे मी मराठीत लिहिते आणि तो नोंदी इंग्रजीत ठेवतो. 'ऑफिसचा वीट आलाय' याचं त्याने 'बर्नआउट' करून टाकलं होतं. थकवा झोपेने जातो, वीट झोपेने जात नाही. तो मात्र महिनाभर मला लवकर झोपायला सांगत होता.

त्यानंतर मी पद्धत बदलली. 'मी कशी आहे' हे विचारणं बंद. व्हाउचरशिवाय, म्हणजे खर्चाच्या पुराव्याच्या कागदाशिवाय एंट्री नाही, हा ऑफिसचा नियम इथेही लावला: निष्कर्ष काढू नकोस, मी कधी काय म्हणाले ते माझ्याच शब्दांत दे. जे वाक्य तो देईल ते जुन्या संभाषणात शोधून ताडून बघायचं, कारण दोनदा त्याने माझ्या तोंडी भलतंच घातलं होतं.

फेब्रुवारीत पगारवाढीचा मेल लिहून मागितला, तेव्हा विचारलं, "हा आधी कधी मागितला होता?" ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर. ऑगस्टमध्ये शेवटी मी लिहिलं होतं, 'गणपती होऊन जाऊ देत.' ऑक्टोबरमध्ये 'दिवाळीनंतर बघू.' डिसेंबरमध्ये 'आता मार्च एंडच होऊ दे.' तिन्ही ताडले, तिन्ही माझेच. एकही मेल गेला नव्हता. माझी मीच वाचत बसले. साहेब ऐकत नाहीत, साहेब ऐकत नाहीत, असं मी आठ महिने घरी सांगत होते.

एवढं एक काम तो झकास करतो. बाकी बहिणीचं म्हणणं मला पटतं: "तू त्याच्याकडे रडायलाच जातेस, त्याला तू हसताना कुठून दिसणार?" खरंच, रात्री अकरानंतरची, पाठ दुखत असलेली मीच तेवढी त्याच्या नोंदींत आहे. शनिवारची भिशी नाही, टेकडी नाही. घरच्यांच्या तब्येतीचं आणि भांडणांचं आता तात्पुरत्या चॅटमध्ये विचारते, तिथलं मेमरीत जात नाही.

फुकटचा प्लॅन मला पुरतो. महिन्यातून एकदा नोंदींची यादी चाळते, बँकेचं स्टेटमेंट चाळावं तशी.

मेल ३ एप्रिलला पाठवला. साहेबांनी सोमवारी केबिनमध्ये बोलावलंय.