सँड हॉपरसाठी यूएचएमडब्ल्यूपीई शीट : वापरानंतरचा अभिप्राय

शिरोली एमआयडीसीतील आमच्या फौंड्रीच्या सँड हॉपरला (वाळू साठवून खाली सोडणाऱ्या नरसाळ्यासारख्या टाकीला) आतून लावण्यासाठी १० मिलिमीटर जाडीची हिरवी यूएचएमडब्ल्यूपीई (अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन प्लास्टिक) शीट आम्ही उन्हाळ्यात घेतली. बेंटोनाइट ही चिकट माती मिसळलेली ओलसर वाळू पोलादी पत्र्याला धरून बसे आणि ती पाडायला हातोडा घेऊन माणूस उभा करावा लागे. ऐन पावसाळ्यातही आता ती विनासायास खाली येते, आणि शीटची झीज अद्याप डोळ्यांना जाणवत नाही.

न झिजण्याचा हा गुण रेणूंच्या साखळीच्या लांबीतून येतो. साध्या एचडीपीईचा (उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचा) रेणुभार, म्हणजे रेणूचे वजन, काही लाखांच्या आत असतो, या मालाचा मात्र ३० लाखांच्या पुढे जातो, आणि तो रिॲक्टरमध्येच ठरतो. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी टायटॅनियम टेट्राक्लोराइड व ॲल्युमिनियम अल्किल यांच्या जोडीने कमी दाबावर पॉलिएथिलीन बनवले. त्याच घराण्यातले उत्प्रेरक (रासायनिक क्रिया घडवून आणणारे पदार्थ) आजही चालतात, फक्त टायटॅनियम बहुधा मॅग्नेशियम क्लोराइडवर बसवलेले असते. यातील खरी मेख सहउत्प्रेरकात, म्हणजे जोडीतल्या ॲल्युमिनियम संयुगात आहे. ट्रायएथिल ॲल्युमिनियम टायटॅनियमला अल्किल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटा तुकडा) देऊन कामाला लावते, पण वाढती साखळी स्वतःकडे घेऊन तिची वाढ खुंटवूही शकते. हायड्रोजन तर साखळीची वाढ थांबवण्यासाठीच वापरतात. म्हणून येथे तो जवळजवळ वर्ज्य आणि तापमानही बेताचे. फिनॉक्सी-इमाइन टायटॅनियम हा उत्प्रेरक व मिथिल ॲल्युमिनॉक्झेन हा सहउत्प्रेरक या नव्या जोडीने कमी गुंतलेल्या साखळ्या मिळतात, ज्या द्रावकाशिवाय ताणून अतिशय मजबूत पट्ट्या करता येतात. हॉपरच्या अस्तराला अर्थातच तेवढी चैन नको.

तक्रार आहे ती कागदाची. विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर घनता ठळक अक्षरांत होती, रेणुभार मात्र मागितल्यावरच मिळाला. वास्तविक या मालाची घनता, घनसेंटिमीटरला सुमारे ०.९३ ग्रॅम, एचडीपीईपेक्षा कमीच असते. तिचा आकडा मोठा म्हणजे माल चांगला, हा समज उलटा आहे. कडाही सरळ कापलेल्या नव्हत्या.

बसवताना चिकटद्रव्यावर विसंबू नये, या पृष्ठभागाला ते धरत नाही. काउंटरसंक बोल्ट (डोके पृष्ठभागाच्या आत बसणारे) वापरावेत आणि भोके लांबट ठेवावीत, कारण तापमान ४० अंशांनी वाढले तर मीटरमागे सहा ते आठ मिलिमीटर प्रसरण होते. ८० अंशांहून गरम वाळू सतत येत असेल तेथे ही शीट घेऊ नये.